बुटात खडा नाही, तरी पाय का टोचतो?

पायाच्या नसेचे दुखणे, त्यावरची सुई आणि आपण घ्यायची काळजी

पुणे-नाशिक रस्त्याने मोशी मागे टाकली, इंद्रायणीचा पूल ओलांडला, की आधी चिंबळी फाटा येतो आणि मग कुरुळी. खेड तालुक्यातले हे मूळचे शेतीचे गाव. चाकणची औद्योगिक वसाहत वाढत गेली तशा गावाच्या कडेने पत्र्याच्या खोल्या, चाळी आणि खानावळी उभ्या राहिल्या. मराठवाड्यातून आणि विदर्भातून पोटासाठी आलेली आपली कितीतरी कुटुंबे या खोल्यांतून राहतात. पहाटे सहाच्या सुमारास फाट्यावर उभे राहावे, तर कंपनीच्या बसची वाट पाहणारी रांगच दिसते. हातात डबा, गळ्यात ओळखपत्र आणि पायात जड सेफ्टी शूज.

त्या रांगेतल्या एका ताईंची ही हकिकत आहे. त्या आमच्या नात्यातल्या, मूळच्या हिंगोली जिल्ह्यातल्या. नोकरी ठेकेदारामार्फत असल्यामुळे त्यांनी नाव छापू नका म्हणून सांगितले आहे, म्हणून आम्ही त्यांना नुसते ताई म्हणू. एका रविवारी त्यांच्या खोलीवर चहाला बसलो असताना त्या सारख्या उजव्या पायाची बोटे चोळत होत्या. विचारले, तेव्हा म्हणाल्या, "दादा, बुटात खडा गेल्यावानी वाटतं बघा. बूट काढून झटकते, तर आत काहीच नसतं. घातला की पुन्हा टोचतं. दुपारनंतर तर बोटांत निखारा ठेवल्यावानी जळजळ होती."

हे दीड वर्ष चालले होते. आधी बाम लावून झाला. मग मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या. मग एका दवाखान्यात दर आठ-दहा दिवसांनी कमरेखाली सुई. सुई घेतली की दोन दिवस बरे वाटायचे आणि तिसऱ्या दिवशी खडा पुन्हा हजर. एवढ्या दीड वर्षात एकाही माणसाने त्यांचा बूट काढून पाय हातात घेऊन पाहिला नव्हता.

वाचकहो, दुखणे पायात आणि सुई कमरेत, हा प्रकार आपल्या वस्त्यांतून फार चालतो. म्हणून या वेळी आम्ही या विषयावर सविस्तर लिहायचे ठरवले.

हा खडा म्हणजे काय?

नस हा शब्द आपण रक्तवाहिनीलाही वापरतो. येथे नस म्हणजे मज्जातंतू. स्पर्श, चटका, वेदना यांची खबर मेंदूकडे नेणारी ती तार. पायाच्या तळव्यातून या तारा बोटांकडे जातात आणि दोन बोटांच्या हाडांमधल्या अरुंद फटीतून पुढे निघतात. बूट पुढून निमुळता असेल, टाच उंच असेल किंवा तासन्‌तास चवड्यावर भार पडत असेल, तर ही नस दोन्ही बाजूंच्या हाडांत चेपली जाते. रोज चेपून चेपून तिच्याभोवती जाड आवरण चढते. नस सुजते आणि थोडासा दाब पडला तरी जळजळते, झिणझिण्या येतात. बहुतेक वेळा हे तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या मधल्या जागी होते.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचे शल्यचिकित्सक थॉमस मॉर्टन यांनी १८७६ साली या दुखण्याचे वर्णन केले, म्हणून त्याला मॉर्टनचा न्यूरोमा म्हणतात. खरे तर त्यांच्या आधी इटलीतल्या चिव्हिनिनी यांनी १८३५ मध्ये आणि इंग्लंडमधल्या डरलॅकर यांनी १८४५ मध्ये याची नोंद करून ठेवली होती. न्यूरोमा म्हणजे गाठ असे ऐकले की माणूस घाबरतो. पण ही कॅन्सरची गाठ नव्हे. ती चेपून जाड झालेली नस आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांना हा त्रास बराच जास्त होतो, तोही मध्यम वयात.

ओळखण्याची खूण सोपी आहे. बूट काढून बोटे चोळली की आराम पडतो आणि बूट घातला की त्रास पुन्हा सुरू होतो. डॉक्टर चवडा दोन्ही बाजूंनी दाबून पाहतात आणि दोन हाडांमधल्या जागी अंगठ्याने दाब देतात. नेमकी तीच कळ उठते, कधी आत टक्‌ असा आवाजही लागतो. खात्रीसाठी त्या जागेची सोनोग्राफी करता येते. एक्स-रेमध्ये नस दिसत नाही, पण हाड मोडलेले नाही ना, हे त्यातून कळते.

प्रत्येक जळजळ एकच नसते

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. पायाची प्रत्येक जळजळ म्हणजे चेपलेली नस नव्हे आणि प्रत्येक दुखण्यावर पायात सुई चालत नाही.

सकाळी उठून पहिले पाऊल टाकताना टाचेत कळ येत असेल आणि चार पावले चालल्यावर ती कमी होत असेल, तर ते बहुधा तळव्याच्या पट्ट्याचे दुखणे असते, नसेचे नव्हे. कमरेपासून मांडीमागून पोटरीपर्यंत कळ उतरत असेल, तर मूळ कमरेत असते. घोट्याच्या आतल्या बाजूला टिचकी मारल्यावर तळव्यात मुंग्या येत असतील, तर नस घोट्याजवळच्या बोगद्यात चेपलेली असू शकते.

फिकट किंवा तांबूस चट्टा असेल, त्यावर स्पर्श कळत नसेल, चप्पल पायातून निसटून जाते आणि पत्ता लागत नाही असे होत असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी लाज न बाळगता करून घ्यावी. त्याची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, रोग पूर्ण बरा होतो आणि नसांवरचा उपचार वेळेत झाला तर पुढचे अपंगत्व टळते. क्षयाच्या औषधांपैकी एका औषधाने, वर्षानुवर्षांच्या दारूने आणि ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही दोन्ही पाय जळजळतात. साखरेसाठी मेटफॉर्मिनच्या गोळ्या बरीच वर्षे चालू असतील, तर ब-१२ तपासून घेणे बरे.

आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे मधुमेह. त्यात दोन्ही पाय जळतात, बोटांपासून सुरुवात होऊन बधिरपणा वर चढतो आणि रात्री अंथरुणावर पाय टेकवत नाही. बूट काढल्याने त्यात आराम पडत नाही.

या दुखण्याची गोष्ट आपल्या समाजाला परकी नाही. राज्यघटनेचा मसुदा तयार करण्याचे काम चालू होते, त्या काळात बाबासाहेबांना मधुमेह होता. पायांच्या नसांच्या वेदनांनी त्यांना झोप लागत नसे आणि इन्सुलिन घ्यावे लागत होते. त्याच उपचारांच्या निमित्ताने मुंबईत डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांचा परिचय वाढला आणि १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत त्यांचा विवाह झाला. त्याच आपल्या माईसाहेब. आपण घटनेची कलमे अभिमानाने सांगतो. पण ती लिहिणाऱ्या माणसाचे पाय त्या रात्री जळत होते, हेही आपण लक्षात ठेवले पाहिजे. आणि बाबासाहेबांनी दुखणे अंगावर काढले नाही, डॉक्टरांकडे जाऊन उपचार घेतले, हेही.

मधुमेहाच्या या जळजळीवर बोटात सुई हा उपाय नाही. साखर काबूत ठेवणे, नसांच्या वेदनेवरच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घेणे, रोज रात्री आरसा धरून तळवे पाहणे आणि अनवाणी न चालणे, हा त्यावरचा मार्ग आहे. बधिर पाय गरम पाण्यात बुडवू नये. चटका बसतो आणि कळतही नाही.

सुई नेमकी काय करते?

चेपलेल्या नसेवर मात्र सुईचा उपयोग होतो. ती सुई कमरेत नव्हे, दुखऱ्या जागीच दिली जाते. डॉक्टर पायाच्या वरच्या बाजूने, दोन बोटांच्या हाडांमधून बारीक सुई आत नेतात. तळव्यातून नेत नाहीत. औषध नसेत घुसवायचे नसते, तर नसेच्या भोवती सोडायचे असते. काही ठिकाणी सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत सुई नेतात. काम काही मिनिटांचे असते. भूल द्यावी लागत नाही, टाके पडत नाहीत आणि माणूस चालत घरी जातो.

या सुईत सहसा दोन औषधे असतात. एक जागा बधिर करणारे, जे दात काढताना देतात त्याच जातीचे. त्याचा असर काही तास टिकतो. दुसरे स्टेरॉइड, म्हणजे सूज उतरवणारे औषध. त्याचा गुण यायला काही दिवस लागतात. म्हणून सुई घेतल्यावर त्याच संध्याकाळी बरे वाटले आणि रात्री पुन्हा दुखले, तर सुई फुकट गेली असे समजू नये. पहिले एक-दोन दिवस दुखणे थोडे वाढूही शकते.

याचा खरेच उपयोग होतो का, हे पाहण्यासाठी स्कॉटलंडमधल्या एडिंबरा येथे १३१ रुग्णांवर चाचणी झाली. काहींना स्टेरॉइड आणि बधिर करणारे औषध मिळून दिले, तर काहींना नुसते बधिर करणारे. कोणाला काय दिले, हे रुग्णांना सांगितले नव्हते. २०१३ मध्ये तिचा निष्कर्ष छापून आला. तीन महिन्यांनंतर स्टेरॉइड मिळालेल्यांचे पाय अधिक बरे होते. म्हणजे गुण येतो हे खरे. पण तो कायमचा राहील, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. काहींना वर्षानुवर्षे पुरतो, काहींचे दुखणे काही महिन्यांत परत येते.

सुई घ्यायची तर तिचे तोटेही माहीत हवेत. त्या जागची कातडी पांढुरकी किंवा पातळ होऊ शकते. वारंवार सुया घेतल्या तर चवड्याखालची चरबीची गादी झिजते आणि हाड जमिनीला टोचू लागते. जंतुसंसर्ग क्वचितच होतो, पण होऊ शकतो. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर चढते. म्हणून मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गर्भारपण, पायावरची जखम किंवा औषधाची अ‍ॅलर्जी, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावे. जाणकार डॉक्टर अशा सुया मोजक्याच देतात आणि दोन सुयांत अंतर ठेवतात. दर आठवड्याला या म्हणणाऱ्याला कारण विचारावे.

आणखी दोन प्रकार आहेत. एकात पातळ केलेले अल्कोहोल नसेभोवती काही वेळा, दिवसांच्या अंतराने सोडतात, म्हणजे नस हळूहळू निकामी होऊन वेदना थांबते. त्याचे निकाल सगळीकडे सारखे आलेले नाहीत. दुसऱ्यात सुईच्या टोकाने उष्णता देऊन नस शांत करतात. यांतल्या कशाचाच उपयोग झाला नाही, तर शस्त्रक्रिया करून नसेचा तो तुकडा काढतात. पुष्कळांना तिने आराम पडतो. पण दोन बोटांमधली जागा कायमची बधिर राहते, आणि काहींचे दुखणे त्यानंतरही जात नाही.

कमरेतली सुई आणि पायाचे नुकसान

ताईंना कमरेखाली जी सुई मिळत होती, ती दुखणे तात्पुरते दाबणारी. बोटांमधल्या चेपलेल्या नसेचे तिने काहीच भले होत नव्हते. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे कुल्ल्यातून पायाकडे जाणारी मोठी नस तेथेच असते. चुकीच्या जागी दिलेली सुई त्या नसेला इजा करते. मग माणसाचा पंजा लुळा पडतो आणि चालताना पाऊल ओढत न्यावे लागते. लहान मुलांत आणि हडकुळ्या माणसांत हा धोका जास्त. सुई मारली की पैसे वसूल झाले, ही समजूत आता आपण सोडली पाहिजे. दवाखान्याच्या पाटीवर डॉक्टरचे शिक्षण आणि नोंदणी क्रमांक आहे का, हे पाहणे आणि कोणते औषध देता असे विचारणे हा आपला हक्क आहे.

सुईच्या आधी बूट

ताई शेवटी कामगार विम्याच्या दवाखान्यातून पुढे हाडांच्या डॉक्टरांकडे गेल्या. त्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो बुटाचा. "बूट कोणत्या मापाचे?" ताई म्हणाल्या, "स्टोअरमध्ये जे होते ते." लाइनवर बायकांच्या मापाचे बूट आलेच नव्हते. लांबीला पुरुषी बूट ढिला होई, म्हणून त्यांनी लहान नंबर घेतला, तर तो रुंदीला घट्ट झाला. पुढे लोखंडी टोपी, आत चेपलेली बोटे आणि त्यावर उभ्याने सगळी पाळी.

हे ऐकून आम्हाला विनयपिटकाच्या महावग्गातली सोण कोळिवीस या भिक्खूची गोष्ट आठवली. तो श्रीमंत घरातून आलेला, पाय नाजूक. चंक्रमण करता करता त्याचे तळवे फुटले आणि वाट रक्ताने भरली. भगवान बुद्धांनी त्याला वीणेच्या तारेचा दाखला दिला. तार फार ताणली तरी वीणा वाजत नाही, फार सैल सोडली तरी वाजत नाही. मग त्याला एकपदरी पादत्राण वापरण्याची परवानगी दिली. सोण म्हणाला, मला एकट्याला नको, सगळ्या संघाला मिळणार असेल तर मी वापरीन. आणि भगवंतांनी ती परवानगी संपूर्ण संघाला दिली.

म्हणून सुईच्या आधी बूट. पुढून रुंद, बोटे आत हलली पाहिजेत. बूट संध्याकाळी मापावा, कारण दिवसभर उभे राहून पाय थोडा फुगतो. दोन्ही पायांत घालून चालून पाहावा. चवड्याच्या जरा मागे बसणारी मऊ गादी डॉक्टरांच्या सल्ल्याने बुटात ठेवावी, तिने हाडे फाकतात आणि नसेवरचा दाब कमी होतो. घरी उंच टाचेची आणि टोकदार चप्पल नको. काही आठवडे एवढे करूनच अनेकांचे दुखणे उतरते आणि सुईची गरज लागत नाही. बूट तोच ठेवून सुई घेतली, तर गळका नळ तसाच ठेवून फरशी पुसण्यासारखे होईल.

जायचे कोठे?

पगाराच्या चिठ्ठीवर ई.एस.आय.ची कपात आहे का, ते आधी पाहा. १ जानेवारी २०१७ पासून ही योजना महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना लागू करण्यात आली. १ जुलै २०१९ पासून कामगाराचा वाटा पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के ठरला. ठेकेदाराच्या कामगारालाही हा हक्क आहे. उपचार कामगाराला मिळतात तसेच त्याच्या कुटुंबालाही. ठरलेले दिवस वर्गणी भरलेली असेल, तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. चिंचवडच्या मोहननगरला या योजनेचे रुग्णालय आहे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्यांच्याच काळात प्रा. अडारकरांकडे कामगारांच्या आरोग्य विम्याचा अभ्यास सोपवण्यात आला, १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि १९४८ मध्ये कायदा झाला. ते कार्ड खिशात पडून राहू देणे योग्य नव्हे.

ई.एस.आय. नसेल तर चाकणचे ग्रामीण रुग्णालय, पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि पुण्याचे ससून आहे. केस पेपर काढताना हाडांचा विभाग विचारावा. मात्र पंजा लुळा पडला, बधिरपणा भराभर वर चढू लागला, कमरेच्या दुखण्याबरोबर लघवीवरचा ताबा गेला किंवा मधुमेही पायावर काळी पडणारी जखम दिसली, तर पाळी चुकेल म्हणून थांबू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

सुई घेण्याआधी चार प्रश्न विचारावेत. दुखणे नेमके कोणते? औषध कोणते आणि कोणत्या जागी? एकूण किती वेळा? गुण आला नाही तर पुढे काय? खरा डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही.

पुढे काय झाले?

ताईंना रुंद बूट आणि गादी दिली. दीड महिन्याने जळजळ निम्मी झाली, पण गेली नाही. मग एक सुई दिली. पहिली रात्र ठणक लागली, आठवड्याने आराम पडला. आज पाच महिने झाले, ताई पाळी करतात. लांब चालले की अजून थोडे टोचते. पुन्हा वाढले तर काय करायचे, ते त्यांना ठाऊक आहे.

पण आम्हाला महत्त्वाची वाटली ती वेगळीच गोष्ट. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवल्यावर सुपरवायझर ताईंना म्हणाले, "तुमच्यापुरता एक जोड मागवून देतो." ताईंनी जेवणाच्या सुट्टीत लाइनवरच्या बायकांना विचारले, तर आणखी सहा जणींच्या बुटात तोच खडा निघाला. कोणी बोलल्या नव्हत्या. बोलले तर उद्या गेटवरून परत पाठवतील, हीच भीती. सातही जणींनी मिळून मापे लिहून अर्ज दिला. बूट यायला दोन महिने लागले, पण सातही जोड आले.

पायात टोचत असेल तर आज रात्री बूट काढून, दिव्याखाली पाय धरून नीट पाहा. आणि शेजारणीलाही विचारा, बाई, तुझा बूट तुला बसतो का?